ठिपके गेले म्हणजे रोग गेला का?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरीलच लेख अपेक्षित असणार, हे उघड होते. तरीही या वेळी मी विषय घेतला आहे तो आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यातील काचेच्या टाकीचा आणि तिच्यातील लहान माशांना होणाऱ्या एका रोगाचा. पाचवीत नव्याने दाखल झालेली मुले घरची आठवण आली की याच टाकीपाशी येऊन बसतात, हे माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आज अशा टाक्या आहेत आणि भेटायला आले की "सर, मासे टिकत नाहीत" ही तक्रार ते हमखास करतात. आणखी एक कारण आहे, ते लेखाच्या शेवटी सांगेन.

आपल्या टाकीतील पहिले मासे गप्पी होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभागाच्या कर्मचाऱ्यांनी ते आवारातील सिमेंटच्या हौदात सोडले होते. मुलांनी त्यांतील काही काचेच्या टाकीत आणले. गप्पी हे नाव त्रिनिदाद बेटावरून या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांच्यावरून १८६६ मध्ये रूढ झाले. मात्र विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचे वर्णन करून ठेवले होते. मासा काटक, हौदात त्याची कोणी विचारपूस केली नाही तरी तो जगतो. म्हणूनच काचेच्या टाकीत तो आजारी पडेल, असे आम्हाला वाटले नव्हते.

एका डिसेंबरमध्ये टाकीला रंग यावा म्हणून मी दुकानातून काही नवे मासे आणले आणि पिशवीतील पाण्यासकट टाकीत सोडले. आठवडाभरात माशांच्या शेपटीवर आणि परांवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे पर मिटून कोपऱ्यात राहू लागले, मध्येच खडीवर अंग घासू लागले. औषधाची बाटली आणली. तीन दिवसांत ठिपके नाहीसे झाले आणि औषध बंद केले. पुढच्या आठवड्यात ठिपके पूर्वीच्या कितीतरी पटींनी परत आले आणि टाकी रिकामी झाली.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी रोगकर्त्याचे जीवनचक्र पाहावे लागते. हा एक एकपेशीय परजीवी आहे. फ्रेंच संशोधक फूके याने १८७६ मध्ये त्याला 'इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस' हे नाव दिले. ग्रीक व लॅटिन शब्दांची फोड केली तर त्याचा अर्थ होतो 'पुष्कळ लेकरांची, माशावरची ऊ'. मत्स्यपालक त्याला थोडक्यात 'इक' म्हणतात. तो ऊ नव्हे. परंतु 'पुष्कळ लेकरे' हे वर्णन अगदी यथार्थ आहे.

या जीवाच्या आयुष्याच्या तीन अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेच्या बाहेरील थराखाली शिरून त्याच्या पेशींवर पोसतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. वाढ पूर्ण झाली की तो त्वचा फोडून बाहेर पडतो आणि खडीवर, पाण्यातील वनस्पतीवर किंवा काचेवर चिकटून स्वतःभोवती चिकट आवरणाचा कोश तयार करतो. ही दुसरी अवस्था. कोशात त्याचे एकामागून एक विभाजन होते आणि एकाचे शेकडो, अनुकूल स्थितीत हजारापर्यंत जीव होतात. कोश फुटून हे सूक्ष्म जीव पाण्यात पोहू लागतात, ही तिसरी अवस्था. टाकीच्या उबदार पाण्यात त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. तो सापडला नाही तर ते मरतात.

उपचाराचे सारे मर्म येथे आहे. त्वचेखाली असलेल्या परजीवीला माशाची त्वचाच संरक्षण देते आणि कोशातील परजीवीला त्याचे आवरण. नेहमीची औषधे आणि मीठ लागू पडतात ती केवळ तिसऱ्या अवस्थेतील, पोहणाऱ्या जीवांना. ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नसून, परजीवी मासा सोडून तळाशी उतरले आणि आता त्यांची संख्या वाढत आहे, असाही असू शकतो. आम्ही औषध थांबविले ते नेमके अशा वेळी.

म्हणून पहिला नियम असा की उपचार माशावर नव्हे, संपूर्ण टाकीवर करावयाचा. एकच मासा आजारी दिसला तरी इतरांच्या कल्ल्यांत परजीवी असू शकतात आणि तेथील ठिपके बाहेरून दिसत नाहीत. दुसरा नियम असा की शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवावयाचा.

हा काळ पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र चार ते सात दिवसांत पुरे होते. १० अंशांच्या पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. यासाठी हीटर असल्यास पाणी हळूहळू, दिवसाला दोन अंशांहून अधिक नाही अशा बेताने, २८ अंशांपर्यंत न्यावे. त्यामुळे चक्र लवकर फिरते आणि परजीवी लवकर औषधाच्या तावडीत येतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कल्ले आधीच जायबंदी असतात. हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा.

गप्पी आणि मॉली यांना मीठ चांगले सोसते आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. प्रथम पाणी मोजावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागले की लीटर मिळतात. आपल्या टाकीत ६० × ३० × २५ म्हणजे ४५ लीटर पाणी असते. लीटरला २ ग्रॅम या प्रमाणात ९० ग्रॅम मीठ लागते. ते तीन भाग करून, प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात विरघळवून, दीड दिवसात थोडे थोडे घालावे. मिठाची वाफ होत नाही. म्हणून पाणी आटले तर नुसते पाणी घालावे. मात्र ११ लीटर पाणी काढून नवे भरले तर त्यात २२ ग्रॅम मीठही घालावे लागते. टेट्रा आणि खवले नसलेले मासे यांना मीठ कमी सोसते. त्यांच्यासाठी निम्मेच प्रमाण ठेवावे. पाणवनस्पती मिठाने कोमेजतात. त्या काढून, मासे नसलेल्या पाण्यात दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात.

मिठाइतकेच महत्त्व रबरी नळीला आहे. रोज नळीने खडीतील घाण ओढून पाव हिस्सा पाणी काढले की त्याबरोबर कितीतरी कोशही निघून जातात. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरीन उडून गेलेले, म्हणजे उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलेले असावे.

बाटलीतील औषधांत बहुधा मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा दोन्ही असतात. ती गुणकारी आहेत, पण विषारीही आहेत. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच द्यावी, फिल्टरमधील कोळसा आधी काढून ठेवावा, कारण तो औषध शोषून घेतो, आणि हे काम मुलांना न देता मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. खाण्याच्या माशांसाठी मॅलॅकाइट ग्रीन वापरण्यास परवानगी नाही, हे शेततळी असलेल्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. मीठ आणि औषध एकाच वेळी सुरू करू नये.

औषध, हीटर यांपैकी काहीच नसेल तर दोन टब पुरतात. मासे दर १२ तासांनी एका टबातून दुसऱ्या स्वच्छ टबात हलवावेत. पहिला टब धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा. गळून पडलेले परजीवी पुढची पिढी जन्माला घालण्यापूर्वीच धुतले जातात. असे किमान सात दिवस, आणि ठिपके दिसत असतील तर त्यापुढेही करावे. मूळ टाकी या काळात माशांशिवाय दोन आठवडे तशीच ठेवली की तिच्यातील परजीवी आश्रयाअभावी मरतात.

उपचारापूर्वी रोग ओळखणे अर्थातच आवश्यक आहे. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे दाणे येतात. तो रोग नव्हे. कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी किंवा जिवाणूंची बाधा असू शकते. अंधारात बॅटरीच्या उजेडात अंगावर सोनेरी धूळ दिसली तर तो 'वेल्वेट' नावाचा दुसरा परजीवी समजावा. गुदद्वारातून लाल धाग्यांसारखे जंत डोकावत असतील तर तेथे मीठ निरुपयोगी. त्यासाठी लेव्हामिसोल हे जंतनाशक वापरतात. गप्पींच्या त्वचेवर सूक्ष्म चपटे कृमीही होतात. त्यांची गंमत अशी की मादीच्या पोटात पिल्लू आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच वाढत असते. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल चालते. संशय असल्यास अंगावरचा थोडासा चिकट स्राव प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. इकचा परजीवी केसाळ गोळ्यासारखा संथपणे फिरताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक असते. आपल्या मुलांनी हे दृश्य पाहिले त्या दिवशी तासाची घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. दुकानातील पाणी टाकीत ओतू नये. दोन टाक्यांना एक जाळी वापरू नये. थंडीत रात्री पाणी गार होऊन माशांची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत विशेष लक्ष द्यावे. वाचलेल्या माशांत काही काळ प्रतिकारशक्ती येते, परंतु ते वाहक असू शकतात. आजारी किंवा नकोसे झालेले मासे ओढ्यात वा विहिरीत कधीही सोडू नयेत. हा रोग माणसाला होत नाही; तरी हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पुढच्या वर्षी थंडीत ठिपके पुन्हा दिसले. या वेळी टाकीजवळच्या भिंतीवर एक कागद लावला. मिठाचे वजन, पाण्याचे तापमान, बदललेले पाणी आणि शेवटचा ठिपका दिसला ती तारीख मुले त्यावर रोज लिहीत होती. त्या तारखेनंतर आठ दिवसांनी उपचार थांबविले. दोन मासे गेले, बाकीचे वाचले.

आता ते दुसरे कारण. पहिल्या वेळी टाकीची देखभाल करणाऱ्या सातवीतील एका मुलाने तिसऱ्या दिवशी मला विचारले होते, "सर, ठिपके गेले म्हणजे रोग गेला ना?" मी "हो" म्हणालो आणि त्याने माझ्या सांगण्यावरून औषध बंद केले. मासे मेल्यावर आपलेच काही चुकले असे समजून तो कित्येक दिवस टाकीकडे फिरकला नाही. दहावीनंतर तो शाळेतून गेला. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल अशी आशा आहे. बाळा, तुझे काही चुकले नव्हते. माझे उत्तर चुकले होते.