जंतूची नांगी ठेचणारं औषध

कांद्याची पात कापताना विळा लागला, की आम्ही हळद दाबून पुन्हा कामाला लागायचो. पण मातीतला धनुर्वाताचा जंतू जखमेत शिरून विष सोडतो आणि त्या विषानं अंग ताठतं.

१९६६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं सुरुवातीला घोड्यांच्या रक्तापासून या विषावर उतारा बनवला. तो जंतूला मारत नाही, त्याची नांगी ठेचतो. अँटिबायोटिकला जंतू सरावतात, म्हणून शास्त्रज्ञ इतर जंतूंसाठीही अशी औषधं शोधताहेत.

मात्र धनुर्वाताचं विष एकदा नसांना चिकटलं, की उताऱ्यानंही सुटत नाही. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय: जखम साबणानं धुवायची, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं आणि गरोदर लेकी-सुनांची धनुर्वाताची लस चुकवायची नाही.