कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना: फोटोचा दर्जा आधी की फोकसचा वेग?

महागडा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना बहुतेकांची गाडी एकाच प्रश्नावर अडते: मोठा सेन्सर घ्यावा की झटपट फोकस? खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात दोन्ही मनासारखं मिळणं अवघड, हे खरं. पण निवडीसाठी वापरले जाणारे काही ठोकताळे तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १: सेन्सर मोठा, म्हणजे कमी उजेडात फोटो सरसच.

वस्तुस्थिती: लेन्स किती प्रकाश आत घेते, यावरही ते ठरतं. रिको जीआर ३ चा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळात सोनी आरएक्स१०० मार्क ५ च्या एक इंची सेन्सरच्या तिपटीहून थोडा मोठा आहे. पण रिकोची लेन्स एफ/२.८ आहे, तर सोनीची वाइड टोकाला एफ/१.८. तेवढ्याच जागेवर सोनीची लेन्स जवळपास अडीचपट प्रकाश टाकते. म्हणून शटर स्पीड सारखाच ठेवला, तर दोघांतला फरक थोडाच उरतो. झूम करत गेलं की मात्र सोनीचं अ‍ॅपर्चर एफ/२.८ वर येतं आणि लेन्सचा हा फायदा उरत नाही.

गैरसमज २: वेगवान फोकससाठी फोटोचा दर्जा कमी करावाच लागतो.

वस्तुस्थिती: मोठ्या सेन्सरच्या लेन्समधली काच जड असते आणि ती जास्त अंतर सरकवावी लागते. शिवाय डेप्थ ऑफ फील्ड कमी असल्याने जराशी चूकही फोटोत दिसते. अडचण इथे आहे. फोकस शोधण्याच्या कॉन्ट्रास्ट डिटेक्शन पद्धतीत लेन्स पुढे-मागे सरकवून योग्य जागा शोधावी लागते. फेज डिटेक्शनमुळे कोणत्या दिशेला आणि किती सरकायचं, ते कॅमेऱ्याला आधीच कळतं. त्यासाठी सेन्सरवरचे मोजकेच पिक्सेल लागतात. समोरून प्रखर प्रकाश आला तर क्वचित पुसट पट्टे दिसतात. एरवी फोटोच्या दर्जात फरक जाणवत नाही.

गैरसमज ३: फोकस ०.०२ सेकंदात लागतो, म्हणजे धावतं मूल स्पष्ट येणार.

वस्तुस्थिती: सोनीने आरएक्स१०० मार्क ७ साठी दिलेला हा आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला आणि वाइड टोकाचा आहे. फोकस अचूक लागला, तरी शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तर मूल फरकटलेलंच दिसेल. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, मुलाची धाव थांबवत नाही. तिथे १/५०० च्या आसपासचा शटर स्पीड हवा, आणि त्यासाठी पुन्हा प्रकाशच लागतो.

गैरसमज ४: फोकस हळू असेल तर रस्त्यावरची फोटोग्राफी विसरा.

वस्तुस्थिती: जीआर ३ मध्ये स्नॅप फोकस आहे. अंतर २.५ मीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं, की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. अट एकच: उजेड चांगला हवा.

मग निवड कशी करायची?

आपलेच बिघडलेले फोटो मोठे करून पाहा. मागची भिंत स्पष्ट आणि चेहरा फरकटलेला असेल, तर शटर मंद होतं. मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स किंवा मोठा सेन्सर उपयोगी पडेल. शटर वेगवान असूनही भिंत स्पष्ट आणि चेहरा धूसर असेल, तर फोकस चुकला. चांगल्या ऑटोफोकसवर पैसे खर्च करा. आणि सगळं स्पष्ट असूनही रवाळपणा खुपत असेल, तर आधी सेन्सर आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर पाहा, फोकसचा आकडा नंतर.