एकच क्षण, दोन निवाडे

जळगावी मध्यान्ह धुळ्याच्या आधी सुमारे तीन मिनिटे होते. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली आणि स्थानिक वेळांतील असा फरक घड्याळांपुरता मिटविता आला. (त्याच वर्षी खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, हा एक योगायोग.) परंतु काही महिन्यांपूर्वीच, 1905 साली, बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरीस असलेल्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले होते की, 'एकाच वेळी' या शब्दांचा अर्थ पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतो. हा फरक कोणत्याही प्रमाणवेळेने मिटणारा नाही.

जळगाव ते धुळे असा सरळ लोहमार्ग आहे, अशी कल्पना करू. प्रत्यक्षात धुळ्यास रेल्वेने जाण्यासाठी चाळीसगावला वळावे लागते. दोन्ही शहरांत सुमारे 90 कि.मी. अंतर, गाडीही तेवढीच लांब, धुळ्याच्या दिशेने धावणारी. तिची दोन टोके दोन शहरांशी येताच दोन्हीकडे दिवे लागले. एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान, बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास दोन्ही प्रकाश एकदमच दिसले. दिवे एकाच वेळी लागले, हा त्याचा निवाडा.

गाडीच्या मध्यावरील प्रवासी मात्र धुळ्याच्या प्रकाशास सामोरा जात असल्याने तो त्यास आधी दिसतो. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे 3 लक्ष कि.मी., प्रवाशाच्या मोजणीतही तितकाच भरतो आणि गाडीची दोन्ही टोके त्याच्यापासून समान अंतरावर आहेत. तेव्हा धुळ्याचा दिवाच आधी लागला, असे त्यास म्हणावे लागते. दोघांपैकी कोणीही चुकलेला नसतो.

गाडीचा वेग ताशी 90 कि.मी. धरल्यास दोन निवाड्यांतील अंतर एका सेकंदाच्या एक लक्ष कोटी भागांपैकी अवघे 25 भाग भरते. म्हणूनच व्यवहारात ते कधी जाणवले नाही.

उपग्रहांच्या साहाय्याने होणाऱ्या जमीन मोजणीत मात्र वेळेवरूनच अंतर काढले जाते. तेथे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे 30 सें.मी.ची चूक. फिरत्या पृथ्वीवर विषुववृत्ताभोवती घड्याळे प्रकाशसंकेतांनी एकापुढे एक जुळवीत गेल्यास मूळ घड्याळाशी सुमारे 207 अब्जांश सेकंदांचा फरक पडतो. अंतराच्या हिशेबात तो सुमारे 62 मीटर होतो, आणि शेताच्या बांधावरून तंटे तर हातभर जमिनीसाठीही होतात.