सायकलस्वार, वारकरी आणि रस्त्याची वहिवाट

ज्या वाहनास परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही व विम्याचीही सक्ती नाही, त्यास रहदारीचा कायदाही लागू नसावा, असा समज नगर जिल्ह्यातील सायकलस्वारांत सर्रास आढळतो. आणि 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातील व्याख्येत पायांनी चालणारी सायकल बसत नाही, एवढ्यापुरता त्यास आधारही आहे. परंतु 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने अंमलात आहे, तो ‘वाहन’ या संज्ञेत सायकलीचा स्पष्ट समावेश करतो, आणि त्याच्या 99 व्या कलमान्वये रस्त्याच्या डाव्या अंगाने जाणे व पुढील वाहनास उजवीकडून ओलांडणे सायकलस्वारासही बंधनकारक आहे. सबब, ‘सायकलच तर आहे’ म्हणून उलट बाजूने येण्याची मुभा कोणासही नाही.

घंटी वाजविली की आपले कर्तव्य संपले व वाट सोडण्याची जबाबदारी पायी चालणाऱ्यावर आली, हा दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी बेलापूर, राहुरी, नगर, मिरजगाव या मार्गाने पंढरीस जाते, तेव्हा दिंडीच्या मागून येणाऱ्याने क्षणभर विचार करावा: टाळ-मृदंगाच्या गजरात घंटी ऐकू येत नाही, आणि जिच्या मस्तकी तुळशीवृंदावन आहे त्या माउलीस मान चटकन वळविताही येत नाही, अगदी पाठीशी येऊन वाजविलेल्या घंटीने ती दचकली, तर तोल तिचाच जाणार. घंटी दुरून वाजवावी, वेग माणसाच्या चालीइतका करावा, हातभर अंतर राखून उजवीकडून पुढे जावे, आणि तेवढी जागा नसेल तर खाली उतरून सायकल हाती धरावी.

हाच विवेक जनावरांविषयीही हवा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिल्यापासून उसाच्या बैलगाड्या हे या मुलखाच्या रस्त्यांचे हिवाळी दृश्य झाले आहे. बैलाची नजर दोन्ही बाजूंस दूरवर पोचते, पण थेट पाठीमागचे त्यास दिसत नाही. त्यात उसाचा भारा मागे असल्याने गाडीच्या आडून सायकल एकाएकी प्रकटली की तो बुजतो. गाडीवानास आधी साद घालावी, मगच ओलांडावे. मेंढरांच्या कळपासमोर तर थांबणेच इष्ट.

पादचाऱ्यांचाही एक समज दुरुस्त करावयास हवा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर एकट्यादुकट्याने डाव्या बाजूने चालणे सुरक्षित नव्हे. उजव्या कडेने चालल्यास समोरून येणारे वाहन दिसते.

अंधारात दिव्यावाचून सायकल काढू नये, आणि यंदा पालखी आपल्या गावावरून जाईल तेव्हा दिंडीच्या शेवटच्या वारकऱ्याच्या मागे सायकल हाती धरून चार पावले चालण्याची तयारी ठेवावी, एवढी सर्व सायकलस्वारांस विनंती आहे.