दिनविशेषांतील तारखा व त्यांची कालगणना

अमुक तारखेस अमुक राज्याभिषेक, अमुक तारखेस अमुक लढाई, अशा एकेका ओळीच्या दिनविशेषांच्या याद्या सर्वत्र छापल्या जातात. सामान्य वाचकास तेवढें पुरतें. परंतु ज्यांच्या बाडांत मूळ कागद आहेत त्यांनीं ती ओळ वाचतांना, ही तारीख कोणत्या गणनेची, हा प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. तो न विचारल्यामुळें खरा कागद खोटा ठरण्याचा संभव असतो.

श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचेंच उदाहरण घेऊं. दिनविशेषांत ता. ६ जून १६७४ असते व तिथि ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ही सर्वमान्य आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरांतील जी शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं उजेडांत आणली, तींत मात्र ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, घटी २१, पळें ३४ असें देऊन, तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनारूढ झाल्याचें नमूद आहे. गणित करावें तर ६ जून रोजीं शनिवार येतो. तेव्हां तिथि चुकली, वारही चुकला, असा निर्णय घाईचा संशोधक देऊन टाकील. वस्तुतः चूक कोठेंच नाहीं. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. तीन घटिका, म्हणजे सुमारें सवा तास रात्र शिल्लक होती, म्हणून शकावलीकाराच्या लेखीं शुक्रवार संपला नव्हता. त्या सूर्योदयाची तिथि द्वादशी. ती घटी २१, पळें ३४ भरतांच, म्हणजे दुपारनंतर, संपली. सिंहासनारोहणाच्या क्षणीं त्रयोदशी चालू होती व मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्यांचा शनिवारही लागला होता. शकावलीकारानें घटी-पळांचा तपशील दिला नसता तर हा उलगडा करणें कठीण होतें.

आतां ६ जून ही तारीख पाहूं. ती जुन्या, ज्यूलियन गणनेची आहे. रायगडावर समारंभास हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हीच गणना वापरीत असे. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं १५८३ पासूनच नवी, ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती व वेंगुर्ल्याचे वलंदेजही नव्या गणनेनेंच लिहीत. त्यांच्या हिशेबीं हाच दिवस १६ जून होय. वार मात्र दोन्ही गणनांत एकच असतो. म्हणून ज्या पत्रांत वार दिला आहे त्याची किंमत अधिक. इ. स. १७०० पासून हें दहा दिवसांचें अंतर अकरा दिवसांचें झालें. इंग्रजांनीं १७५२ सालीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसास १४ सप्टेंबर म्हणून तो घोळ मिटविला. तोंपर्यंत त्यांचें वर्षही २५ मार्चला बदलत असे. महाराजांची जन्मतिथि फाल्गुन वद्य ३ शुक्रवार, शके १५५१, म्हणजे ता. १९ फेब्रुवारी १६३०, ही महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं मान्य केली. त्या दिवसाचा एखादा इंग्रजी कागद हातीं आल्यास त्यावर १६२९ साल दिसेल. तेवढ्यावरून त्यास एक वर्ष मागें ढकलूं नये.

पानिपतची तारीख, १४ जानेवारी १७६१, ही याच यादींत बसते, पण ती नव्या गणनेची आहे. पौष शुद्ध ८ बुधवार, शके १६८२, हा तिचा मेळ बरोबर जुळतो. म्हणजे एकाच पानावरील दोन ओळी दोन भिन्न पंचांगांतल्या असतात आणि छापणारास त्याची दादही नसते. पानिपतच्या दिवशीं मकरसंक्रांत होती ही समजूतही येथूनच निघाली. संक्रांत निरयन सौरमानाची. ग्रेगोरियन तारखेच्या तुलनेनें ती सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकते. १७६१ सालीं ती १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. मराठ्यांवर संक्रांत आली हें म्हणणें अलंकार म्हणून ठीक. तें बखरीच्या टीपेंत पुरावा म्हणून मात्र येऊं नये.

संग्राहकांस एक विनंति. मोडी पत्राच्या समासांत इंग्रजी तारीख लिहून ठेवण्याची पुष्कळांस संवय आहे. ती लिहावी, पण पेन्सिलीनें, आणि पुढें ‘जुनी’ किंवा ‘नवी’ हा शब्द घालावा. मुसलमानी चंद्र असल्यास तो सूर्यास्तापासून धरला आहे हें लक्षांत ठेवावें. अस्सल कागदावरील तिथि, वार, घटी व चंद्र जसे असतील तसे निराळ्या कागदावर उतरून घ्यावे. दुरुस्ती करतांना चिकटविलेल्या पट्टीखालीं वार झांकलेलीं पत्रें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत.