जुन्या फियाटची दोस्ती आणि उस्तादांचे देणे

व्यापारात काही देणी वहीत लिहिली जातात आणि काही लिहिली जात नाहीत. लिहिलेले देणे फेडले की खाते बंद होते. न लिहिलेले देणे मात्र मनावर राहते आणि ते फेडण्याची मुदत कोणी ठरवून देत नाही. मुंबईतील जुन्या फियाट मोटारींच्या शौकिनांमध्ये अशाच न लिहिलेल्या देण्याघेण्यावर एक मोठी दोस्ती उभी आहे. या दोस्तीकडे आम्ही आज व्यापाराच्या नजरेने पाहणार आहोत. कारण तिच्या मुळाशी गॅरेजवाला, सुट्या भागांचा दुकानदार, खरादी आणि सीट शिवणारा कारागीर यांची रोजी आहे, आणि त्यांचा हुन्नर आज संपण्याच्या मार्गावर आहे.

कुर्ल्याची गाडी

ज्या गाडीबद्दल आपण बोलत आहोत ती मुंबईचीच. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या गाड्या येथे तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातील गोलसर बांध्याच्या फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, पण त्या नावात हेटाळणीपेक्षा माया अधिक होती. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, नंतर तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. चितोडच्या राणीवरून घेतलेले हे नाव घरोघर पोहोचले.

१०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि पुढे एकसलग बाक, असा हिचा थाट होता. त्या बाकावर ड्रायव्हरशेजारी आणखी दोन माणसे सहज मावत. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि हाती आली की सारी गल्ली पाहायला जमे. १९८३ साली मारुती रस्त्यावर उतरली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. नवे शतक उजाडण्याच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन आटोपले.

टॅक्सीच्या रूपाने मात्र ती आणखी दोन दशके टिकली. टॅक्सीसाठी २००८ साली २५ वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली आणि २०१३ साली ती २० वर्षांवर आणली गेली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. निदान एक तरी गाडी जतन करावी, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारला केली होती, परंतु तिला यश आले नाही. जतनाचे काम मग ज्यांच्या दारात खासगी पद्मिनी उभी होती त्यांच्याच अंगावर पडले.

एकाचे अडले की दुसरा धावतो

कंपनीने गाडी बनवणे बंद केले की हळूहळू तिचे सुटे भागही बाजारातून नाहीसे होतात. नव्या गाडीचा मालक शोरूमला फोन करतो. जुन्या फियाटच्या मालकाला फोन करायला शोरूम नाही. त्याला माणसेच शोधावी लागतात. या गरजेतूनच फियाटवाल्यांची बिरादरी तयार झाली आहे. तीत डॉक्टर आहे, बँकेतला कारकून आहे, निवृत्त शिक्षक आहे, किराणा दुकानदार आहे. एरवी एकमेकांच्या ओटीवर पाय न ठेवणारी ही माणसे गिअरच्या दांड्याचा एक झिजलेला बुश मिळवण्यासाठी रविवारचा दिवस एकत्र घालवतात.

या बिरादरीचे काही अलिखित नियम आहेत. कोणाची गाडी घाटात बंद पडली तर जवळचा फियाटवाला ओळख नसतानाही निघतो. पुण्यात कोणाला पाण्याचा पंप हवा असेल आणि मुंबईत कोणाकडे जास्तीचा पडून असेल तर तो एसटीच्या पार्सलने रवाना होतो. किमतीची बोलणी नंतर होतात, पुष्कळदा होतच नाहीत. ‘तुम्हांला जेव्हा असा भाग सापडेल तेव्हा पुढच्याला द्या’ एवढेच सांगितले जाते. उसना नेलेला भाग परत येतो, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा येतो. अडलेल्या माणसाकडून दामदुप्पट घेणाऱ्याची वार्ता चटकन पसरते आणि पुढच्या खेपेला त्याच्या हाकेला कोणी ओ देत नाही. येथे ना हुंडी लागते ना तारण. बाजारात ज्याला आपण पत म्हणतो ती हीच.

आम्हांला या व्यवहाराचे विशेष कौतुक वाटते. जो माल कमी आहे त्याचा भाव चढतो, हा बाजाराचा नेहमीचा कायदा. येथे माल दुर्मीळ असूनही माणसे तो दाबून ठेवत नाहीत. दाबून ठेवला तर आज ना उद्या आपलीच गाडी उभी राहील, हे ज्याला त्याला कळून चुकले आहे. उपकाराची जाण आणि स्वतःचे हित या दोन गोष्टी इतक्या सरळपणे एका ठिकाणी फार थोड्या धंद्यांत दिसतात.

दोस्तीतला तिसरा माणूस

पण भाग देणारा आणि भाग घेणारा या दोघांमध्ये आणखी एक माणूस उभा असतो. हाती आलेला भाग गाडीत बसवणारा हा आपला उस्ताद. कुर्ल्याच्या गॅरेजांत, चोर बाजारातील जुन्या मालाच्या दुकानांत आणि मुंबईच्या अनेक गल्ल्याबोळांत या कामातील जाणते लोक पिढ्यान् पिढ्या बसले आहेत. त्यांतील बरेचजण दहा-बारा वर्षांच्या वयात पाना हातात घेऊन शागीर्द म्हणून उभे राहिले आणि उस्ताद होऊनच थांबले.

त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आजच्या गाडीला यंत्र जोडले की बिघाडाचा क्रमांक पडद्यावर उमटतो. पद्मिनीचा बिघाड कानाने ऐकावा लागतो. पॉइंट जळाले आहेत की कंडेन्सर गेला आहे, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला आहे की पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे, हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे असते. भाग मिळालाच नाही तर खराद्याकडून घडवून घ्यायचा, दुसऱ्या गाडीचा घासून बसवायचा, आणि हे करताना गाडीचा मूळ बाज बिघडू द्यायचा नाही. डेंटिंगवाल्याने हातोडीने पत्र्याला पुन्हा तोच गोलवा आणायचा, सीट शिवणाऱ्याने जुन्या शिवणीच्या रेषा जमवायच्या, क्रोम चढवणाऱ्याने बंपरला आरशासारखी झळाळी द्यायची. एका देखण्या पद्मिनीमागे असे पाच-सहा कारागीर असतात.

शुक्रिया आणि मजुरी

येथे आम्हांला शौकीन मंडळींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. हे लोक कृतज्ञ नाहीत असे मुळीच नाही. ईदला गॅरेजमध्ये मिठाईचा पुडा येतो, दिवाळीला फराळ येतो, उस्तादाच्या घरच्या लग्नाला सारी फियाटवाली मंडळी सहकुटुंब हजर राहतात. मोबाईलवर फोटो पाठवून ‘उस्ताद, आपल्यामुळे गाडी जिवंत आहे’ असे अगदी मनापासून सांगितले जाते. हा शुक्रिया खरा असतो. प्रश्न मजुरीचा आहे.

हिशेब सरळ आहे. नव्या गाडीचे तेल आणि फिल्टर बदलण्याला जेमतेम तास लागतो, आणि दिवसाला अशा कितीतरी गाड्या होतात. पद्मिनीचा एक कार्बोरेटर नीट जुळवण्यात अर्धा दिवस जातो, आणि एखादा भाग शोधण्यात आठवडा. तरीही जुन्या गाडीचे काम म्हणून मजुरी मात्र जुन्याच दराने द्यायची, आणि वर ‘उस्ताद, आपली तर दोस्ती आहे’ असे म्हणून त्यातही सूट मागायची, ही पद्धत आम्ही अनेक ठिकाणी पाहिली. दोस्तीच्या नावावर भिडस्त माणूस गप्प बसतो. पण त्याचा मुलगा हे सारे पाहत असतो. तो मोबाईल दुरुस्ती शिकतो, डिलिव्हरीच्या कामाला लागतो किंवा आखाती देशात जातो. बापाचा हुन्नर त्याला ठाऊक असतो, परंतु त्या हुन्नरावर घर चालत नाही हेही ठाऊक असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी एक खोड आहे. चांगला उस्ताद सापडला की काही मालक त्याचे नाव कोणाला सांगत नाहीत. गर्दी झाली तर आपला नंबर मागे जाईल, ही भीती. रॅलीत गाडीला बक्षीस मिळते, मालकाच्या गळ्यात हार पडतो, आणि ज्याच्या हातांनी ते इंजिन बोलते झाले तो त्या वेळी गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीखाली आडवा पडलेला असतो. जी माणसे आपल्या कपाटातला भाग अनोळखी माणसाला देतात त्यांनी कारागिराचे नाव मात्र दडवावे, हे त्यांच्याच रीतीला शोभत नाही.

नवे नियम, नवे काम

हा केवळ भावनेचा विषय नाही. पुढील काळात या हुन्नराला मागणी येणार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, आणि नोंदणीची मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ साली पन्नाशी गाठली, आणि आता दरवर्षी त्यांत भर पडत जाईल. मूळ स्वरूप राखायचे तर मूळ भाग ओळखणारा दुकानदार आणि तो बसवणारा हात हवाच. जे साध्याच नोंदणीवर गाडी ठेवतात त्यांचाही खर्च वाढला आहे. २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आली. एवढा खर्च करणारा मालक गाडी नुसती उभी ठेवण्यासाठी करत नाही.

दुसरी बाब पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्या वर्षी मान्य केले. पद्मिनीच्या काळातले रबर या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला गंज चढण्याची भीती अधिक. याचा अर्थ पेट्रोलचे पाइप, पंपाचे पडदे, कार्बोरेटरची गॅस्केट या वस्तू इथेनॉलला टिकणाऱ्या रबरात बनवून देणाऱ्या लहान उद्योजकाला येथे गिऱ्हाईक तयार आहे. माल थोडा लागेल, पण तो घेणारी माणसे एकमेकांना ओळखतात. एकाला पसंत पडला की जाहिरातीचा खर्च वाचतो.

देणे कसे फेडावे?

आमच्या मते ही दोस्ती टिकवायची असेल तर तीन गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. पहिली, मजुरी वेळेच्या हिशेबाने ठरवावी, काम सुरू होण्यापूर्वी बोलावी आणि हातोहात द्यावी. दोस्ती चहाच्या वेळी दाखवावी, बिलाच्या वेळी नको. दुसरी, गाडी जेथे दाखवली जाईल तेथे कारागिराचे नाव आणि गॅरेजचा पत्ता गाडीच्या पाटीवर लिहावा. त्याच्यासाठी ती सर्वांत मोठी जाहिरात ठरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दहा-पंधरा मालकांनी मिळून एका उस्तादाकडे एक शागीर्द ठेवावा आणि त्याचा दोन वर्षांचा पगार आपसांत वाटून घ्यावा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा असेल तर उत्तमच. त्याच्याकडे कागद आहे, कान नाही. उस्तादाकडे कान आहे, कागद नाही. ज्यांनी काम हातांनी शिकले आहे त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत ठेवण्यात आली. अशा सोयीची चौकशी करून अर्ज भरून देण्याचे काम शिकलेल्या मालकांनी करावे. ज्या डॉक्टरची किंवा कारकुनाची गाडी उस्तादाने वीस वर्षे चालती ठेवली, त्याला त्याच्यासाठी एक फॉर्म भरणे जड नाही.

उस्तादांनाही एक विनंती आहे. आपले गुपित आपल्याबरोबर नेऊ नका. शागीर्दाला सांगितलेली युक्ती कमी होत नाही. ती त्याच्या हातातून पुन्हा आपल्याच दुकानाचे नाव घेऊन फिरते. तसेच दुकानदारांनी आपल्याकडील जुन्या मालाची यादी करून ठेवावी. अनेक दुकानांच्या माळ्यावर खोक्यांत काय पडले आहे हे फक्त म्हाताऱ्या मालकाला ठाऊक असते. तो गेला की मुले तो सारा माल भंगाराच्या भावात काढतात, आणि पुढच्याच आठवड्यात कोणीतरी तोच भाग शोधत दुकानाच्या पायरीवर येतो.

फियाटवाल्यांनी एकमेकांना भाग देताना घालून घेतलेली अट आम्ही वर सांगितली आहे: मिळाले की पुढच्याला द्या. सुट्या भागांच्या बाबतीत ती ते पाळत आले आहेत. आता तीच अट हुन्नराला लावण्याची वेळ आली आहे. ज्यांच्या दारात आज पद्मिनी उभी आहे त्यांनी येत्या रविवारी आपल्या उस्तादाकडे जाऊन एवढेच विचारावे, की तुमच्या हाताखाली शिकायला मुलगा आणला तर ठेवून घ्याल का?