दाढेच्या मुळातले चिवट जंतू

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या आवारात १९८२ साली सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. ठणका सोसवेनासा झाला की मराठवाड्यातले रुग्ण तिथे येतात. कीड नसेपर्यंत पोहोचली असेल तर रूट कॅनाल करावं लागतं. मेलेली नस काढणं त्या मानानं सोपं. तिच्या जागी वस्तीला आलेले जंतू हटवणं महाकठीण, कारण ती जागाच अद्भुत आहे.

झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं आणि भोवतालचा दात विरघळवून टाकला. हाती आले ते सरळ नळीचे साचे नव्हतेच. नळीला फांद्या, फांद्यांना जोडणाऱ्या जाळ्या आणि टोकाशी झाडाच्या मुळांसारखे फुटवे! शिवाय नळीच्या भिंतीत एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नलिका असतात. जंतू त्यांत आरामात शिरतो, नळी घासायच्या फाइलचं टोक शिरत नाही. नळीच्या भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याला तरी फाइल शिवतच नाही, हे पुढे मायक्रो-सीटी स्कॅननं दाखवलं.

मग भिस्त धुण्यावर. स्वीडनमधल्या बिस्ट्रॉम आणि सुंदक्विस्ट यांनी १९८१ मध्ये नुसत्या सलाइननं धूत नळ्या घासल्या. जंतू कैक पटींनी घटले, पण काही दातांत पुन्हा पुन्हा सफाई करूनही टिकून राहिले. १९८३ मध्ये त्यांनी अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरलं आणि निकाल स्पष्टपणे सुधारला. हेन्री डेकिन यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांसाठी याच ताकदीचं द्रावण बनवलं होतं. हे रसायन जंतू मारतं आणि मेलेली ऊतीही विरघळवतं. क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाला ऊती विरघळवणं जमत नाही. मात्र ते भिंतीला चिकटून बराच काळ असर ठेवतं. माझ्या मते पहिला मान हायपोक्लोराइटचाच. पण ते मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर भयंकर सूज येते, म्हणून दाबानं सोडायचं नाही.

दंत महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी अशा द्रावणांची तुलना काढलेल्या दातांवर करतात. दात ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक करायचा, नळीत एंटेरोकॉकस फीकॅलिस सोडायचा, बहुधा तीन आठवडे वाढू द्यायचा, मग द्रावणं वापरून नळीतला नमुना कागदी पॉइंटनं टिपायचा आणि अगारवर उगवलेल्या वसाहती मोजायच्या. हा जंतू निवडतात तो त्याच्या चिवटपणामुळे. दोन भेटींच्या मधे भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत बहुतेक जंतू मरतात. हा मात्र एका मर्यादेपर्यंत प्रोटॉन आत खेचून पेशीतलं आम्ल-अल्कलीचं संतुलन सांभाळतो. त्यातच डेंटिन त्या औषधाची धार बोथट करतं. परीक्षानळीत जिंकलेलं औषध दातात हरतं ते अशा कारणांनी.

क्रमही सांभाळावा लागतो. फाइलनं घासताना भिंतीवर चुऱ्याचा थर बसतो आणि नलिकांची तोंडं बुजतात. सतरा टक्के ईडीटीए तो थर उतरवतं. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडीन एकत्र आले तर तपकिरी साका बसतो, म्हणून मधे नळी धुवून घ्यावी लागते. अल्ट्रासोनिक टोकानं द्रावण घुसळलं की ते कानाकोपऱ्यांत अधिक पोहोचतं. डायोड लेझर किंवा मिथिलीन ब्लू या रंगद्रव्यावर पाडलेला लाल प्रकाश हे पूरक उपाय आहेत. आजही त्यांच्याआधी नळी हायपोक्लोराइटनं धुतली जातेच.